एका दिवसाचा फड आणि चाळीस हजारांचा प्रश्न: कुस्तीच्या ‘सुपरकार्ड’कडून छोट्या धंद्याने काय शिकावं?



मागच्या व्हिडिओच्या शेवटी मी एक प्रश्न अर्धवट सोडला होता. वेळ संपला, कॅमेऱ्याची बॅटरीही संपली. त्याचं पूर्ण उत्तर आज इथे लिहितो, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे कागदावर पाहिलेले बरे.

झालं असं, की मोर्शीच्या आपल्या रविवारच्या क्लासला एक ताई येतात. बचत गटाच्या चौघी मिळून त्या संत्र्याची बर्फी, सरबत, सांडगे, पापड असं बनवतात. माल चांगला आहे, मी स्वतः खाल्लाय. क्लास सुटल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, आम्ही चौघींनी ठरवून राहिलो. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मोर्शीत एक मोठा बाजार भरवतो. स्टॉल, खाणं, गाण्याचा कार्यक्रम, सगळं. गटातून चाळीस हजार उचलतो. खरं सांगजा, पैसे लावू का नको?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. घरी आलो. रात्री पोरगा मोबाईलवर कुस्ती पाहत बसला होता, ती अमेरिकेतली, ढोल-ताशासारख्या आवाजात एकेक पहिलवान येतो ती. आणि मला आमचं लहानपण आठवलं. तुमच्यापैकी जे चाळिशीच्या आसपास आहेत त्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते आठवत असतील. उंची, वजन, छाती, रँक! शाळेच्या मागे बसून आम्ही ते खेळायचो आणि मास्तरांचा मार खायचो. तेव्हा कुणाला माहीत होतं, की त्या पत्त्यांमागे किती मोठा धंदा उभा आहे, आणि तो धंदा एका दिवसाच्या जुगारावर कसा उभा राहिला!

त्या रात्री मी बसून तोच धंदा पुन्हा समजून घेतला. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडलं. चला, सुरुवातीपासून पाहू.

‘कार्ड’ म्हणजे काय? आपल्या गावची दंगल आठवा

कुस्तीच्या धंद्यात एका दिवशी ज्या लढती होणार त्यांच्या यादीला ‘कार्ड’ म्हणतात. आणि एरवी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावी खपल्या असत्या अशा मोठ्या लढती एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आणल्या, की त्याला म्हणायचं ‘सुपरकार्ड’.

शब्द इंग्रजी आहे, पण गोष्ट आपल्याला नवी नाही बाप्पा. आपल्याकडे यात्रेत ‘भव्य कुस्त्यांची आम दंगल’ असं पत्रक लागतं ना, ते नीट वाचा. दुपारी आधी लहान पोट्ट्यांच्या जोडी लागतात. त्यांना नारळ, रेवड्या, दहा-वीस रुपये. मग जरा मोठे गडी, जरा मोठं इनाम. ऊन उतरता उतरता मैदान भरत जातं आणि सगळ्यात शेवटी एक नंबरची कुस्ती. पत्रकावर मोठ्या अक्षरात तिचंच नाव असतं.

आता धंद्याच्या डोळ्याने पाहा. एक नंबरची कुस्ती शेवटी का? कारण लोक तिच्यासाठी थांबतात. आणि थांबतात तोवर भजी खातात, चहा पितात, पोराला फुगा घेऊन देतात. बरं, लहान पोट्ट्यांची कुस्ती कशाला लावायची? कारण प्रत्येक पोट्ट्यामागे त्याचे आई-बाप, काका, मामा, आळीतली पोरं असे दहा-पंधरा जण मैदानात येतात. एक नंबरचा पहिलवान बाहेरून आणावा लागतो, महाग पडतो. पण मैदान अर्धं भरतं ते गावच्या पोट्ट्यांमुळे.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

खासबाग: आधी बसायची जागा, मग पहिलवान

या जुन्या रिवाजाला कायमचं घर बांधून दिलं ते कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोल मैदान पाहिलं. परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधायला घेतलं. १९०७ ला काम सुरू झालं, १९१२ ला मैदान उभं राहिलं. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती गोलाकार, वर वर चढत जाणारी बैठक. कुठेही बसा, पहिलवान दिसतोच.

यात शिकण्यासारखं काय? आपण कार्यक्रम ठरवला की पहिला फोन करतो तो पाहुण्याला. महाराजांनी आधी प्रेक्षकाचा विचार केला. त्याला दिसेल का? बसता येईल का? मागच्या रांगेतल्या माणसालाही पैसे वसूल झाल्यासारखं वाटेल का? तुमच्या दुकानाचं, स्टॉलचं, क्लासचंही तेच आहे. गिऱ्हाईक कुठून आत येणार, कुठे थांबणार, त्याला काय दिसणार, हे आधी ठरवा.

आपल्या अमरावतीचंही नाव इथे घ्यायला पाहिजे. १९१४ साली स्थापन झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आजही उभं आहे. त्या मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. विचार करा, जगाचं सगळ्यात मोठं मैदान भरलेलं, गर्दी दुसऱ्याने जमवलेली, आणि आपण जाऊन आपला माल दाखवून आलो. गर्दी दर वेळी आपणच जमवली पाहिजे असं काही नाही. जमलेल्या गर्दीत जाणं हाही धंद्याचा एक रस्ता आहे. ज्याच्याकडे भांडवल कमी, त्याने आधी याच रस्त्याने जावं.

सात हजारांचं कर्ज

एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पहिलवान खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायचं होतं आणि खिशात पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण माझ्यासारख्या हिशेबी माणसाला त्यापुढचा भाग जास्त आवडतो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं असं सांगितलं जातं. पदक जिंकलेला माणूस सत्कार घेत बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्याने मैदान भरवलं कारण त्याला दुसऱ्याच्या घराची आठवण होती.

तुम्ही गटातून पैसे उचलता तेव्हा त्या पैशामागे कुणाचं ना कुणाचं घर असतं. एवढंच सांगायचं होतं.

मुंबईत दारा सिंग, आणि ठरलेली लढत

आता जरा व्यावसायिक कुस्तीकडे येऊ. आपल्या मातीतल्या कुस्तीत निकाल मातीत लागतो. व्यावसायिक कुस्तीत, म्हणजे आपले आजोबा जिला ‘फ्री-स्टाइल’ म्हणायचे तिच्यात, कोण जिंकणार हे बहुतेक वेळा आधी ठरलेलं असतं. म्हणून काही लोक नाक मुरडतात. पण धंदा म्हणून पाहिलं तर ते नाटक कंपनीसारखं आहे. तिकीट कथेचं असतं, अंगमेहनत मात्र खरी असते.

मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंगकाँगच्या लढती गाजल्या. किंगकाँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला एमिल झाया, वजन दोनशे किलोच्या घरातलं. एकीकडे देखणा पंजाबी गडी, दुसरीकडे हा डोंगर! पोस्टर पाहिलं की माणूस तिकीट काढणारच. पुढे २९ मे १९६८ रोजी मुंबईतच दारा सिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद मिळवलं.

यात धंद्याचं सूत्र काय? दोन चांगले पहिलवान समोरासमोर उभे केले तर लढत होते. दोन वेगळे पहिलवान उभे केले तर बातमी होते.

अमेरिकेत: वाटून घेतलेले इलाखे आणि एक गुरू-चेला

अमेरिकेत १९४८ पासून कुस्ती भरवणाऱ्या ठेकेदारांची एक संघटना होती, नॅशनल रेसलिंग अलायन्स. त्यांनी देश आपसात वाटून घेतला होता. हा इलाखा तुझा, तो माझा. दर आठवड्याला छोटे कार्यक्रम, तेच हॉल, तीच गावं. आपल्या आठवडी बाजारासारखं. पोट भरत होतं, पण उडी नव्हती.

मग काहींनी वर्षा-दोन वर्षांच्या गोष्टी साठवून एकदम मोठं मैदान भरवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर, म्हणजे बेसबॉलच्या उघड्या मैदानात, १९७२ मध्ये ब्रुनो सामार्तिनो आणि पेद्रो मोरालेस हे दोन लाडके पहिलवान भिडले. लढत तासभराहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. १९७६ मध्ये तिथेच एक युक्ती झाली. जपानमध्ये मुष्टियोद्धा मोहम्मद अली आणि पहिलवान अंतोनियो इनोकी यांची लढत होती. ती शे स्टेडियमवर पडद्यावर दाखवली आणि बाकीच्या कुस्त्या तिथेच समोर लावल्या. एका तिकिटात दोन मैदानं!

१९८० मध्ये तिसऱ्यांदा तिथे फड लागला तेव्हा मुख्य लढत होती गुरू विरुद्ध चेला. ब्रुनो सामार्तिनो आणि त्याचाच शिष्य लॅरी झबिस्को. चेल्याने गुरूवर हात उचलला, ही कथा महिनोन्‌महिने शिजवली होती. त्या दिवशी ३६ हजारांहून जास्त लोक आले. गंमत म्हणजे या लॅरीने ‘झबिस्को’ हे नाव उचललं होतं जुन्या स्टॅनिस्लॉस झबिस्कोकडून. हा तोच झबिस्को, ज्याला आपल्या गामा पहिलवानाने १९२८ मध्ये पतियाळाला मिनिटाच्या आत चीत केलं होतं.

पाहा, गुरू-चेल्याचं भांडण सांगायला एक पैसा लागत नाही. पण वेळ लागतो. गर्दी जमवायला त्यांनी पैशाच्या आधी वेळ खर्च केला.

सणाचा दिवस: स्टारकेड, १९८३

२४ नोव्हेंबर १९८३. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी जिम क्रॉकेटच्या कंपनीने ‘स्टारकेड’ भरवलं. आजच्या सुपरकार्डची खरी सुरुवात अनेक जण इथूनच धरतात.

त्यांनी चार गोष्टी केल्या. एकेक नीट वाचा.

पहिली, तारीख. थँक्सगिव्हिंगला त्या गावात कुस्ती पाहायची लोकांना वर्षानुवर्षांची सवय होती. म्हणजे त्यांनी नवा दिवस शिकवला नाही, जुन्या सवयीवर मोठं मैदान उभं केलं.

दुसरी, कथा. मुख्य लढत रिक फ्लेअर आणि हार्ली रेस यांची. रेस विजेता. त्याने जाहीर केलं, की फ्लेअरला जो कुणी कुस्तीतून उठवेल त्याला २५ हजार डॉलर. दोघांनी मिळून फ्लेअरची मान मोडल्याचं दाखवलं. फ्लेअर सोडून जातो की काय असं वातावरण झालं. मग तो परत आला. आता सांगा, तिकीट कोण काढणार नाही?

तिसरी, बाकीचं कार्ड. रॉडी पायपर आणि ग्रेग व्हॅलेंटाइन यांची गळ्यात पट्टा आणि मध्ये साखळी अशी लढत. जोड्यांच्या विजेतेपदाची वेगळी लढत. मुख्य लढत बाजूला काढली तरी लोकांना घरी जाताना काहीतरी मिळालं असतं.

चौथी, दूरचं गिऱ्हाईक. ग्रीन्सबरोच्या हॉलमध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसं मावली. पण आजूबाजूच्या शहरांत हॉल घेऊन मोठ्या पडद्यावर थेट प्रक्षेपण लावलं आणि तिथेही तिकीट ठेवलं. आपल्याकडे एकेकाळी गावात व्हिडिओ आणून दोन-दोन रुपयांत पिक्चर दाखवायचे ना, अगदी तसं. फक्त पिक्चर त्याच क्षणी घडत होता.

सगळं पणाला: रेसलमेनिया, १९८५

दीड वर्षाने, ३१ मार्च १९८५ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हिन्स मॅकमहनने पहिलं ‘रेसलमेनिया’ भरवलं. व्हिन्सने बापाची कंपनी विकत घेतली होती आणि वाटून घेतलेल्या इलाख्यांच्या कुंपणावर सरळ उडी मारली होती. हा एक दिवस फसला असता तर कंपनी बसली असती, असं या धंद्यातले लोक सांगतात.

त्याने कुस्तीबाहेरची गर्दी आणली. हल्क होगनच्या जोडीला टीव्हीवरचा नट मिस्टर टी. रिंगबाहेर पंच म्हणून मोहम्मद अली. गायिका सिंडी लॉपर. आदल्या वर्षापासून गाण्यांच्या एमटीव्ही चॅनेलवर कुस्तीचे कार्यक्रम दाखवून हवा केली. आदल्या रात्री होगन आणि मिस्टर टी अमेरिकेतल्या प्रसिद्ध विनोदी कार्यक्रमात पाहुणे म्हणून झळकले. गार्डनमध्ये १९ हजारांहून जास्त आणि देशभरात पडद्यांसमोर दहा लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. यशाची गोष्ट सांगायला काय जातं? मी तुम्हाला पिट्सबर्गची गोष्ट सांगतो. त्या शहरात पडद्यावरचं प्रक्षेपण मध्येच बंद पडलं. तिकीट काढून बसलेले लोक चिडले, हातात येईल ते पडद्याकडे भिरकावू लागले. नंतर तिथल्या टीव्हीवर तो कार्यक्रम फुकट दाखवून समजूत काढावी लागली.

म्हणजे इतका मोठा माणूस, इतकी मोठी तयारी, तरी एका तारेने दगा दिला. पण एक शहर बुडालं म्हणून अख्खा दिवस बुडाला नाही, कारण धंदा शंभरावर ठिकाणी वाटलेला होता. आता स्वतःला विचारा, तुमची ती एक तार तुटली तर तुमच्याकडे दुसरं काय आहे?

माझी तुटलेली तार

मी हे पुस्तकी ज्ञान पाजळत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक दिवसाचा उद्योग मेळावा घेतला होता. मोठा वक्ता बाहेरून बोलावला. पत्रकावर त्याचा फोटो एवढा मोठा, की कार्यक्रमाचं ठिकाण कोपऱ्यात गेलं. चारशे खुर्च्या, मंडप, जेवण, साऊंड. स्थानिक कुणालाच स्टेजवर जागा नाही, कारण मला वाटलं, लोक येतील ते त्याच्यासाठीच!

आदल्या रात्री साडेदहाला फोन आला. येणं जमत नाही.

सकाळी साठ माणसं आली. त्यातली वीस माझ्या नात्यातली. दीड लाखाचा खड्डा पडला. बायकोने काही न बोलता गळ्यातली पोत काढून दिली. ती बँकेतून सोडवायला चौदा महिने लागले. मंडपवाल्या काकांना मी हप्त्याने पैसे दिले, आणि ते दर वेळी “राहू द्या ना सर, सावकाश” म्हणायचे तेव्हा मला जास्त लाज वाटायची.

चूक वक्त्याची होती का? त्याची थोडी असेल. पण कार्ड लावणारा मी होतो. मी फक्त एक नंबरची कुस्ती लावली आणि लहान पोट्ट्यांच्या जोडी लावल्याच नाहीत. गावातल्या वीस उद्योजकांना पाच-पाच मिनिटं दिली असती, तर प्रत्येकामागे दहा माणसं आली असती. वक्ता आला नसता तरी मैदान भरलं असतं.

आता ताईंचा हिशेब

आता वही-पेन घ्या. ताईंनी आणलेला अंदाज असा होता:

- जागा: ५,०००
- मंडप, टेबल, खुर्च्या: २२,०००
- लाईट, जनरेटर, साऊंड: १२,०००
- पत्रकं, बॅनर, भोंग्याची रिक्षा: ७,०००
- सफाई, पाणी, परवानग्या: ६,०००
- बाहेरच्या गायकाचं मानधन: २५,०००

एकूण खर्च ७७,०००.

जमा बाजू: ३० स्टॉल, प्रत्येकी १,५०० म्हणजे ४५,०००. प्रवेश तिकीट २० रुपये, २,००० माणसं म्हणजे ४०,०००. एकूण ८५,०००. नफा ८,०००.

मी विचारलं, “ताई, स्टॉल तीसऐवजी वीसच लागले आणि माणसं आठशेच आली तर?” त्यांनी मांडलं. ३०,००० अधिक १६,०००, म्हणजे ४६,०००. तोटा ३१,०००. उचललेल्या चाळीसपैकी एकतीस हजार गेले!

सगळं मनासारखं झालं तर आठ हजार मिळणार, जरा बिनसलं तर एकतीस हजार जाणार. ताई थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग हे तर गायकासाठीच कमावून राहिलो आम्ही.”

हाव! अगदी तेच.

मग आम्ही मिळून कार्ड पुन्हा लावलं.

तारीख बदलली. डिसेंबरच्या शेवटी चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरलेली असते. सुटीच्या रविवारी लोक रोडगे-भाजी खायला तिकडे निघतात. त्या गर्दीशी कुस्ती कायले खेळायची? आंबिया बहाराची संत्री बाजारात असतानाच, डिसेंबरचा पहिला रविवार धरला.

एक नंबरची कुस्ती गावातलीच लावली. गायक रद्द. त्याऐवजी गावातल्या दोन नावाजलेल्या गिलावडेवाल्यांची जुगलबंदी. दोघांचीही स्वतःची गिऱ्हाइकं आहेत आणि ती एकमेकांच्या गाडीवर पाय ठेवत नाहीत. लोकांनी दोन्ही खायचे आणि चिठ्ठी टाकायची. निकाल संध्याकाळी सातला, बाजार संपताना. चार आठवडे आधीपासून व्हॉट्सअॅपवर दोघांचे छोटे व्हिडिओ. मानधन शून्य, कारण दोघांचाही माल खपणार आहे.

लहान जोडी लावल्या. शाळेतल्या पोरांची चित्रं, आळीआळीतल्या बायांची सांडगे-पापडाची स्पर्धा, गावचं भजनी मंडळ. प्रत्येक नावामागे दहा माणसं.

तिकीट काढून टाकलं. वीस रुपयांसाठी माणूस फाटकावरून परत जायला नको. आत आला की तो शंभर खर्च करतो.

स्टॉलचे पैसे आधी. नवा खर्च ५२,०००. चोवीस स्टॉल, प्रत्येकी १,५०० म्हणजे ३६,०००. शेतीच्या औषधांचं दुकान, दवाखाना, मोटारसायकलवाले अशा स्थानिक जाहिरातदारांकडून १०,०००. राहिले ६,०००. चौघींमध्ये दीड-दीड हजार. एवढं तर त्यांच्या स्वतःच्या स्टॉलच्या विक्रीतून निघू शकतं. गटाचं कर्ज काढायची गरज नाही.

आणि माघारीचा दिवस ठरवला. तारखेच्या १५ दिवस आधी चोवीस स्टॉलचे पैसे हातात आले नाहीत, तर बाजार रद्द. स्टॉलवाल्यांचे पैसे परत. मंडपवाल्याशी आधीच बोलून ठेवायचं, आणि त्या दिवसापर्यंत बॅनर छापायचे नाहीत. तोटा झाला तर हजार-दोन हजार. लाज वाटेल, पण पोत गहाण पडणार नाही.

ताईंनी विचारलं, “सर, पण मंग हा कार्यक्रम लहान नाही का दिसणार?”

दिसेल ना! पहिल्या वर्षी लहानच दिसेल. पण स्टारकेड ज्या दिवशी भरलं, त्याआधी त्या गावात त्याच सणाला कित्येक वर्षं साध्या कुस्त्या झाल्या होत्या. आपल्या महाराष्ट्र केसरीचंच पाहा. १९६१ पासून ही स्पर्धा चालत आली, गादीवरचा विजेता आणि मातीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात, ही रीत लोकांच्या अंगवळणी पडली, आणि आता चांदीची गदा कुणाच्या खांद्यावर जाणार हे अख्खा महाराष्ट्र पाहतो. मोठा दिवस पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच वेळी भरला की मोठा होतो. लोकांनी स्वतःहून विचारलं पाहिजे, “यंदा कधी आहे हो तुमचा बाजार?”

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचा धंदा काहीही असो, दुकानाचं उद्घाटन, दिवाळी सेल, ब्युटी पार्लरचं शिबिर, नर्सरीचं प्रदर्शन. पैसे लावायच्या आधी एका कागदावर पाच ओळी लिहा.

१. ही तारीख लोकांच्या कोणत्या सवयीवर बसते? आणि कोणत्या मोठ्या यात्रेशी टक्कर घेते?

२. माझी एक नंबरची कुस्ती कोणती? ती मी चार आठवडे लोकांना सांगू शकेन का?

३. ती कुस्ती ऐनवेळी रद्द झाली तर मैदानात काय उरतं?

४. कुणाकुणाचे पैसे आधी येणार आहेत?

५. किती तारखेला मी माघार घेणार, आणि तेव्हा माझं किती जाईल?

पाचवी ओळ लिहिताना हात थांबला, तर समजा की तुम्ही अजून तयार नाही. थांबा. त्यात कमीपणा नाही. पहिलवानसुद्धा लंगोट कसल्यावर आधी माती अंगाला लावतो, मगच समोरच्याला हात देतो.

ताईंचं म्हणाल तर हे लिहितोय तोवर चोवीसपैकी सतरा स्टॉलचे पैसे जमा झालेत. माघारीच्या दिवसाला अजून नऊ दिवस आहेत. चौघी रोज संध्याकाळी एकेका दुकानात जाऊन येतात. काल भेटल्या तेव्हा मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाल्या, “वाटते ना सर. पण आता किती वाटाची ते माहीत आहे.”

बाजार झाला की व्हिडिओ करतो. झाला नाही, तरी करतो. तोपर्यंत तुमच्या पाच ओळी लिहून मला पाठवा. भेटू पुढच्या रविवारी!